शिबिरात रक्त न देणारा माणूस

ओ पॉझिटिव्हची चौथी पिशवीही क्रॉसमॅचला, म्हणजे पेशंटचं आणि पिशवीतलं रक्त जुळतं का ते पाहण्याच्या चाचणीला, जुळेना, तेव्हा मी ते सॅम्पल बाजूला ठेवलं आणि ग्रुपिंग, म्हणजे रक्तगटाची तपासणी, पुन्हा पहिल्यापासून करायला घेतली. जुलै महिना होता. चिपळूणला दुपारपासून पावसाने झोडपलं होतं आणि रक्तपेढीत रात्रपाळीला मी आणि आमचे डॉक्टर एवढेच होतो. जवळच्याच एका हॉस्पिटलातून फॉर्म आला होता. वय २४, बाळंतपणात खूप रक्त गेलेलं. रक्तस्राव थांबवण्यात त्यांना यश आलं होतं, पण हिमोग्लोबिन ४.६ वर आलं होतं. मागणी होती दोन पिशव्यांची.

ए आणि बी ओळखणारी द्रावणं, अँटी-ए आणि अँटी-बी, दोन्हीत गुठळी नाही, म्हणजे वरवर पाहता ओ. मग मी तिचं सीरम, म्हणजे पेशी वेगळ्या केल्यावर उरलेलं रक्तातलं पाणी, घेतलं आणि त्यात ए, बी आणि ओ अशा तिन्ही गटांच्या सेल, म्हणजे लाल पेशी, घालून पाहिल्या. या उलट्या तपासणीत, रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये, ओ सेल लावायचं काही ठिकाणी टाळतात, मला ती काटकसर कधीच पटलेली नाही. ओच्या ट्यूबमध्ये घट्ट गुठळी झाली होती, ओ गटाच्या माणसात जी व्हायला नको. तिच्याच पेशी तिच्याच सीरममध्ये घातल्या तर काही नाही. शेवटी अँटी-एच नावाचं द्रावण लावलं. ओ रक्ताच्या पेशी त्यात लगेच चिकटतात, या मुलीच्या पेशी मात्र तशाच सुट्या राहिल्या. डॉक्टरांनी ट्यूब दिव्यासमोर धरून पाहिली आणि म्हणाले, ‘बॉम्बे.’

१९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रक्तगट शोधला, म्हणून हे नाव. लाल पेशीवर एच नावाचा एक पदार्थ असतो आणि ए किंवा बी त्याच्यावरच घडतात. ओ गटात ए-बी नसले तरी एच भरपूर असतो. बॉम्बे गटाच्या माणसाकडे तो एचच नसतो. त्यामुळे नेहमीच्या तपासणीत हे रक्त ओ म्हणून निघून जातं आणि ज्या ओला आपण सगळ्यांना चालणारं रक्त समजतो, तेच या माणसाच्या जिवावर उठू शकतं. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. आपल्या देशात असा माणूस साधारण १०,००० मध्ये एक सापडतो.

नवऱ्याला बोलावून समजावलं. तो गुहागरकडचा, होडीवर काम करणारा. त्याने एकच विचारलं, ‘मिळेल ना पण?’ सख्ख्या भावंडांत हा गट सापडण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून तिच्या भावाला त्याच पावसात बोलावून घेतलं. त्याचा निघाला साधा बी. मोठी बहीण मुंबईला होती.

मग याद्या काढल्या. या गटाच्या दात्यांचे फोन नंबर रक्तपेढ्या आणि काही कार्यकर्ते एकमेकांकडे जपून ठेवतात. पहिल्याने महिन्यापूर्वीच रक्त दिलेलं होतं. दुसऱ्याचा फोन लागेना. तिसरा नंबर वाळवा तालुक्यातल्या एका गावचा होता. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला. मी कोण, कुठून बोलतेय ते सांगायला लागले, तर मधेच आवाज आला, ‘पेशंट कुठं हाय?’ चिपळूण म्हटल्यावर क्षणभर काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘निघतो मी. सकाळपर्यंत तग धरतील न्हवं त्या?’

त्यांनी सांगलीला किंवा कराडला रक्त द्यायचं आणि आम्ही पिशवी आणायची, असाही एक मार्ग होता. पण त्यासाठी इथून माणूस बर्फाचा डबा घेऊन घाट चढून जाणार, पिशवीच्या तपासण्या होईपर्यंत तिथे थांबणार आणि मग पुन्हा घाट उतरणार. दाताच निघाला तर एक फेरी वाचत होती. आणि ते तर बोलता बोलता चपला घालत असावेत, मागून बायकोचा आवाज येत होता, ‘भाकरी तरी बांधून न्या.’

कराडला पोचले तेव्हा चिपळूणकडे जाणारी एसटी मिळणं शक्य नव्हतं. स्टँडबाहेर ते हात करत उभे राहिले. कोकणात भाजी घेऊन येणारे टेम्पो रात्रीच घाट उतरतात. त्यातलाच एक थांबला. ड्रायव्हर पंचविशीचा पोरगा. कशासाठी जायचंय हे कळल्यावर त्याने सीटमागच्या फळीवर घोंगडी टाकून दिली आणि सांगितलं, ‘काका, तुमी झोपा. तुमाला जागं ठिऊन काय उपेग न्हाय.’ पुढे कुंभार्ली घाटात पोफळीच्या वर झाड आडवं पडलेलं होतं. गाड्यांची रांग लागली होती. या पोराने भर पावसात उतरून रांगेतल्या प्रत्येक ट्रकवाल्याला जाऊन सांगितलं की माझ्या गाडीत रक्त देणारा माणूस आहे. लोकांनी कोयते काढले, दोर लावले, झाड बाजूला ओढलं आणि टेम्पोला सगळ्यांच्या आधी जाऊ दिलं. हे सगळं मला नंतर त्या पोराकडूनच कळलं, कारण काका खरोखरच झोपले होते.

पहाटे सव्वातीनला तो टेम्पो रक्तपेढीच्या दारात उभा राहिला. कोथिंबिरीचा वास थेट आतपर्यंत आला. मंडईत माल पोचवायची वेळ गाठायची असते, उशीर झाला की भाव पडतो, तरी पोरगा आधी आमच्याकडे आला होता.

डॉक्टरांनी मात्र घाई केली नाही आणि मला त्यांचं तेव्हा आणि आजही कौतुक वाटतं. किती झोप झाली, कधी जेवलात, औषधं चालू आहेत का, सगळं नीट विचारलं. जागरण करून आलेल्या माणसाचं रक्त घ्यायचं नसतं. झोप झाली होती, भाकरी पाटणच्या आसपास खाऊन झाली होती. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन १४.२. गट मी पुन्हा तपासला, कार्डावर असला तरी. अँटी-एचच्या ट्यूबमध्ये त्यांच्याही पेशी सुट्याच राहिल्या. तोवर टेम्पोवाला दारात उभा राहून विचारत होता, ‘म्याडम, माजं बी घ्या की. ओच हाय.’ त्याला परत गाडी चालवायची होती. अशा ड्रायव्हरचं रक्त घेता येत नाही आणि तिला ते चालणारही नव्हतं. हे सांगितल्यावर तो खट्टू झाला. चहा मात्र घेतला आणि गेला. भाड्याचे पैसे घेऊन नवरा त्याच्या मागे धावला, पण टेम्पो तोवर वळला होता.

पिशवी भरत असताना मी काकांशी बोलत बसले. दात्याशी बोलत राहायचं हे आमचं कामच, पण त्या दिवशी मी ऐकत होते. त्यांची पिठाची गिरणी आणि थोडा ऊस आहे. स्वतःच्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी गट कळला. ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं आणि तेव्हा सोलापूरकडच्या एका शिक्षकांनी येऊन त्यांच्यासाठी रक्त दिलं. त्या गुरुजींनी त्यांना एक गोष्ट बजावून सांगितली होती: शिबिरात द्यायचं नाही.

मी मान हलवली. हे आम्ही सांगतोच, पण पाळणारा माणूस समोर पाहिला नव्हता. रक्ताची पिशवी ३५ दिवस टिकते. या गटाची पिशवी शिबिरात जमा झाली, ओ म्हणून फ्रिजमध्ये राहिली आणि त्या दिवसांत मागणी आली नाही तर वाया जाते. आणि नेमक्या त्याच काळात कुठून हाक आली तर हा माणूस देऊ शकत नाही, कारण पुरुषाला दोन वेळांमध्ये ९० दिवसांचं अंतर ठेवावं लागतं. म्हणून थांबायचं, तयार राहायचं. काका गावातल्या गणपतीच्या शिबिरात खुर्च्या मांडतात, दात्यांना बिस्किटं वाटतात आणि स्वतः कॉटवर चढत नाहीत. ‘पोरं म्हंत्यात, काका सुईला भ्यात्यात. एकदा सांगून बघितलं, पुना न्हाय सांगितलं. पटत न्हाय त्यास्नी.’ हसत सांगत होते. पण दर वर्षी सगळ्या गावासमोर न देणारा म्हणून वावरणं सोपं नसतं. रात्री फोन बंद करायचा नाही, ताप अंगावर काढायचा नाही, तंबाखू सोडली, लग्नाकार्याला लांब जायचं तर घरात नंबर ठेवून जायचं. कुणासाठी? तर ज्याचं नाव अजून माहीतच नाही त्याच्यासाठी.

रॅपिड किटवर एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया सगळं निगेटिव्ह आलं. क्रॉसमॅचची ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून काढून मी हलवली, पेशी मोकळ्या धुरळ्यासारख्या वर आल्या. गुठळी नाही. त्या रात्रीत पहिल्यांदा. डॉक्टरांना हाक मारताना माझा आवाज फुटला. साडेपाचच्या सुमारास पिशवी हॉस्पिटलात गेली. दुसरी पिशवी दुसऱ्या दिवशी मुंबईहून कोकण रेल्वेने आली, तिच्या मेव्हण्याने डबा मांडीवर धरून आणली. आठवडाभरात ती बाळाला घेऊन घरी गेली.

सकाळी नवरा काकांसमोर पैसे घेऊन उभा राहिला. १९९८ पासून देशात पैसे देऊन-घेऊन रक्तदानाला बंदी आहे, तसं मी सांगणारच होते, पण काकांनीच त्याची मूठ मिटवली. ‘मला पैकं नगोत. तुमची मेव्हणी मुंबईला हाय म्हंता, तिचं तपासून घ्या. आमी लई थोडं आहोत.’ आणि कराडची पहिली एसटी किती वाजता, ते मला विचारलं.

बहिणीने दोन महिन्यांनी तपासून घेतलं. तिचाही गट बॉम्बेच निघाला. तिने मला फोन केला, नंबर यादीत घालायला सांगितला आणि विचारलं, ‘आमच्या ऑफिसात दर वर्षी शिबिर असतं, तिथे देऊ ना मी?’ मी नको म्हटलं आणि वाळव्याच्या काकांबद्दल सांगायला सुरुवात केली.