बेळगावच्या कॅम्पात निघाला जपानचा विषय

कोगनोळी नाका ओलांडला की पाट्या कानडी होतात, बोलणं मात्र मराठीच राहतं. बेळगावात मुक्काम आतोबांकडे. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे संध्याकाळचं फिरणं चुकत नाही. कॅम्पात गेलो. जुनी झाडं, बैठे बंगले आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर. १९२२पासून ते बेळगावातच आहे.

चालता चालता आतोबा म्हणाले, "आमचा आजा जपानात होता की. लढाईला न्हवं, राखणीला."

हा इतिहास आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. जपान शरण आल्यावर १९४६ साली ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडर आणि भारतीय अशी मिळून एक फौज तिथं उतरली. भारतीयांच्या २६८ ब्रिगेडचे प्रमुख कुर्गचे थिमय्या, पुढे लष्करप्रमुख झाले ते. ब्रिगेडमध्ये पंजाबी, गुरखे आणि आपली जंगी पलटण, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. ही पलटण वर्षभरापूर्वी इटलीत सेनियो नदीवर झुंजत होती. शिपाई नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथल्याच ९ एप्रिल १९४५च्या लढाईसाठी.

जपानात काम वेगळं. दारूगोळा शोधून नष्ट करायचा, कोठारं राखायची, किनाऱ्यावर चोरून येणाऱ्या होड्या अडवायच्या, टोकियोत राजवाड्यावर पाळीनं गार्ड द्यायचा. जपान्यांशी सलगी नको, असा वरून हुकूम. "पोरं ऐकत्यात व्हय?" आतोबा हसले. "आजा चार शब्द जपानी शिकूनच आला."

राज्य मात्र या फौजेचं नव्हतंच. जर्मनीचे चार विभाग झाले, जपानचे नाहीत. दोस्तांचे सरसेनापती, अमेरिकेचे जनरल मॅकआर्थर हुकूम काढायचे आणि जपानी सरकार तो अमलात आणायचं. टोकियोत दोस्त राष्ट्रांचं एक मंडळ होतं, पण ते फक्त सल्ला देणार. त्यात अमेरिका, रशिया, चीन यांना एकेक खुर्ची. चौथी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि भारत यांच्यात मिळून एक, आणि तिच्यावर सुरुवातीला बसले ऑस्ट्रेलियाचे मॅकमहोन बॉल. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! त्यातून आपला देश स्वतःच गुलाम. पारतंत्र्यातला शिपाई जिंकलेल्या मुलखावर पहारा देतोय, हे मला त्या राजवाड्याच्या गार्डपेक्षा जास्त नवलाचं वाटतं.

१९४७मध्ये भारतीय तुकड्या परतल्या. पुढे जपानशी झालेल्या १९५१च्या सॅन फ्रान्सिस्को तहाला भारत गेला नाही. परकी फौज जपानात तशीच ठेवायला नेहरूंचा आक्षेप होता. ९ जून १९५२ रोजी आपण वेगळा तह केला आणि युद्धाच्या भरपाईवरचा हक्कही सोडला. मी हे मोठ्या कौतुकानं सांगत होतो.

"ते दिल्लीचं झालं," आतोबा म्हणाले. "आजाला पेन्शन किती बसली ते इचार की."