मोरावळ्याचा पाक एका दिवसात होत नाही

‘एकतारी पाक करून त्यात उकडलेले आवळे सोडावेत.’ मी पाहिलेल्या जवळजवळ सगळ्या कृतींत पाकाबद्दल (एकतारी म्हणजे दोन बोटांत ओढला की एक तार निघेल इतका घट्ट) हे एवढंच वाक्य आहे. त्यापायी गेल्या वर्षी माझे दोन किलो आवळे फुकट गेले. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

किसाच्या मोरावळ्याबद्दल मी बोलत नाही. तो तासाभरात होतो आणि चांगलाही लागतो. मला हवा होता अख्ख्या आवळ्यांचा, आजीच्या बरणीतला. थंडीत सकाळी एकेक आवळा वाटीत मिळायचा. बोटानं दाबला की कळ्या सुट्या व्हायच्या, आतून मधाच्या रंगाच्या, उजेडात धरल्या तर आरपार दिसणाऱ्या.

गेल्या वर्षी लिहिलं होतं तसंच केलं. आवळे टोचले, उकडले, छान एकतारी पाक केला, त्यात सोडले. सकाळी झाकण काढलं तर सगळे आवळे सुकलेल्या बोरांसारखे सुरकुतून वर तरंगत होते आणि पाकाचं पाणी झालं होतं. एक फोडून पाहिला. वरून गोड, चिवट, आणि बीजवळ तोच कच्चा तुरटपणा. मला वाटलं पाक कमी पडला, म्हणून तो आणखी घट्ट करून पुन्हा ओतला. आवळे आणखी आक्रसले. चार दिवसांनी तर दात लागेना.

सांगलीच्या आत्याला फोन केला. ती म्हणाली, “अगं, पहिल्याच दिवशी एवढा घट्ट पाक कशाला? पातळ घ्यायचा आणि रोज आटवायचा. आवळ्याला पाणी सुटत राहतं. ते थांबेपर्यंत तुझी सुटका नाही.”

हे कुणीच का लिहीत नाही? कारण अगदी साधं आहे. घट्ट पाक आवळ्यातलं पाणी भराभर ओढून घेतो आणि साखर मात्र आत सावकाश शिरते. म्हणून फळ आक्रसतं. पाक पातळ असला की दोन्ही गोष्टी हळूहळू होतात आणि आवळा भरलेला राहतो. म्हणजे त्या एका वाक्यात पाच दिवसांचं काम लपलेलं असतं.

यंदा दोन किलो आवळ्यांना एक किलो साखर आणि दीड लिटर पाणी असा पातळ पाक केला. एक उकळी आणून गार केला आणि आवळ्यांवर ओतला. दुसऱ्या दिवसापासून रोज आवळे झाऱ्यानं काढायचे, पाकात ३०० ग्रॅम साखर घालून तो उकळत ठेवायचा, पंधरा-वीस मिनिटं आटवायचा, कोमट झाला की आवळे परत आत. रोज सकाळी पाक पुन्हा सैल झालेला दिसतो. पहिले तीन दिवस माझा धीर सुटत होता, कारण आदल्या रात्री दाट दिसलेला पाक सकाळी चमच्यावरून पाण्यासारखा ओघळायचा. तसाच ओघळू द्या. एकाच दिवशी साखर दुप्पट करायचा मोह मलाही झाला, पण करू नका.

याच दिवसांत घर सोडून जाऊ नका. तिसऱ्या दिवशी आम्ही लग्नाला गेलो आणि दोन दिवसांनी परतलो, तर पातेल्यात बारीक बुडबुडे आणि आंबूस वास. निम्म्या साखरेचा पाक सहज आंबतो. लगेच पाक उकळला, फेस काढला, आवळेही त्यात दोन मिनिटं उकळून घेतले. वाचला, पण त्या रात्री मी चार वेळा उठून वास घेतला.

पाक कधी झाला म्हणायचा, यावरही मी गोंधळले होते. मुरांब्यात किमान ६५ टक्के विद्राव्य घटक, म्हणजे मुख्यतः साखर, असावेत असा आपल्याकडे अन्नसुरक्षेचा नियम आहे. त्याच्या थोडं पुढे गेलं की टिकाऊपणाची काळजी मिटते. थर्मामीटर असेल तर समुद्रकाठी १०५ अंश सेल्सिअस ही खूण. पण पुण्यात पाणीच साधारण ९८ ला उकळतं, म्हणून इथे १०३ ला गॅस बंद करायचा. मी १०५ पर्यंत नेला तेव्हा तळाशी साखर बसली. थर्मामीटर नसेल तर तार बघा, पण ती एका रात्रीनंतर पुन्हा बघा. सकाळीही तार तशीच आली तरच झाला. लग्नाचे दोन दिवस सोडले तर माझा सहाव्या दिवशी झाला.

बाकी सगळं सोपं आहे. तुळशीच्या लग्नाला येतात ते आवळे कोवळे असतात, ते नकोत. पौषातले मोठे, पिवळट झाक आलेले घ्या. टोचताना काटा बीपर्यंत गेला पाहिजे, नुसती साल टोचून उपयोग नाही. लोखंडी सुरी, कढई, झारा काही लावू नका, आवळा काळा पडतो. तुरटीच्या पाण्यात एक रात्र ठेवले तर तुरटपणा कमी होतो, पण मग उकडण्याआधी दोन-तीनदा धुवा. उकडताना कळ्यांच्या रेषा उमटल्या की लगेच काढा, उकलेपर्यंत थांबू नका. वेलदोडा शेवटच्या दिवशी.

चिनी मातीच्या बरणीला दादरा बांधून ठेवली. वीस दिवसांनी पहिला आवळा काढला. कळ्या सुट्या झाल्या, बीपर्यंत एकच रंग, मध्ये कुठे पांढरं नाही. आत्याला एक बाटली पाठवली. तिचा फोन आला तेव्हा चवीबद्दल बोलण्याआधी तिनं विचारलं, “किती दिवस आटवलास?” पाच, म्हटलं.