पुरावा न मागता

रुमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २००७ रोजी युरोपीय संघात सामील झाले आणि तिथल्या रोमा या उपेक्षित अल्पसंख्याक समाजातील कुटुंबांना संघातील कोणत्याही देशात तीन महिने जवळजवळ विनाअट राहण्याचा हक्क मिळाला. त्यानंतर काही वर्षांतच मी राहते त्या स्टॉकहोम शहरात, किराणा दुकानांच्या आणि मेट्रो स्थानकांच्या दाराशी कागदी पेला पुढे ठेवून बसलेली रोमा माणसे नेहमीची झाली.

त्यांच्याविषयी इथे सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य म्हणजे, ‘यांच्यामागे टोळी असते.’ नॉर्वेतील फाफो या संशोधन संस्थेचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळेच सांगतो. ऑस्लो, स्टॉकहोम आणि कोपनहेगन येथील रस्त्यांवर राहणाऱ्या १,२०० हून अधिक रुमानियन स्थलांतरितांशी बोलल्यावर संशोधकांना जे आढळले, ते बहुतांशी नातलगांच्या आणि गावकऱ्यांच्या आधाराने आलेले, गावाकडच्या दारिद्र्यातून वाट काढू पाहणारे लोक होते. तरीही टोळीची गोष्ट लोक सोडत नाहीत, कारण ती खरी मानली की पेल्याकडे न पाहता पुढे जाणे सोपे होते, असे मला वाटते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्वीडन सरकारने नेमलेल्या समन्वयकांनी २०१६ मध्ये असा सल्ला दिला की भीक देण्याऐवजी रुमानिया आणि बल्गेरियात काम करणाऱ्या संस्थांना पैसे द्यावेत. मुले शाळेत गेल्याशिवाय हे चक्र थांबणार नाही, हे मलाही पटते आणि अशा संस्थांना मी देणगीही देते. परंतु गावातल्या शाळेचे फळ मिळायला एक पिढी जाईल आणि समोरच्या बाईला आजची रात्र काढायची आहे. पुढे २०१८ च्या डिसेंबरात सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने व्हेलिंगे या नगरपालिकेला ठरावीक जागी भीक मागण्यावर बंदी घालण्याची मुभा दिली. त्या बंदीने कोणाची भूक कमी झाली असेल, असे मला वाटत नाही.

आमच्या दुकानाबाहेर बसणारी बाई घडी घातलेल्या पुठ्ठ्यावर बसते, गुडघ्यांवर जाड चादर असते आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात नातवंडांची छायाचित्रे असतात. स्वीडनमध्ये आता खिशात रोख पैसे क्वचितच कोणाकडे असतात. त्यामुळे आम्ही काही जण रिकामे डबे आणि बाटल्या परतीच्या यंत्रात टाकतो व निघालेली पावती तिच्या हातात देतो. गल्ल्यावर ती दाखवली की डब्या-बाटल्यांच्या अनामतीचे पैसे तिला मिळतात. पावती घेताना ती क्रुसाची खूण करते, ऑर्थोडॉक्स पद्धतीने, उजव्या खांद्याकडून डाव्याकडे. मी वसईच्या कॅथलिक घरात वाढलेली असल्याने माझा हात डावीकडून उजवीकडे जातो.

तिच्या लोकांच्या बाबतीत चर्चचा इतिहास मात्र निर्मळ नाही. पुढे ज्यांतून रुमानिया घडला त्या वालाकिया आणि मोल्दाव्हिया या संस्थानांत रोमा शतकानुशतके गुलाम होते, मठांच्याही मालकीचे होते, आणि तिथली गुलामगिरी १८५६ मध्ये पूर्णपणे संपली. २ जून २०१९ रोजी रुमानियातील ब्लाज येथे पोप फ्रान्सिस यांनी रोमा समाजाची चर्चच्या वतीने क्षमा मागितली. त्या क्षमेला अर्थ यायचा असेल तर ती आमच्यासारख्या रविवारी प्रार्थनेला जाणाऱ्यांच्या वागण्यात दिसली पाहिजे.

रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले, ही माहिती इथल्या मराठी मंडळींना भावते. मलाही ती जवळची वाटते, पण करुणेसाठी आधी नाते शोधावे लागू नये.

थंडीत तिला सांगण्यासारखी एक जागा शहरात आहे. स्टाड्समिशन या संस्थेचे क्रॉसरोड्स केंद्र युरोपीय संघातून आलेल्या अशाच लोकांसाठी आहे. मिळालेल्या पैशांचे ती काय करते, हे मी तिला विचारत नाही. तिच्या सुनेचे बाळंतपण जवळ आले होते, तेव्हा मोडक्यातोडक्या स्वीडिशमध्ये तिने मला सुनेसाठी प्रार्थना करायला सांगितले, आणि मी ती केली.