शांती बर्धन: नर्तक ते दिग्दर्शक

ग्वाल्हेर म्हटले की इथल्या लष्कर भागात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या गप्पा शंकर पंडित, कृष्णराव आणि राजाभैया पूछवाले या गवयांपासून ज्या सुरू होतात, त्या ख्यालगायनाच्या बाहेर पडतच नाहीत. याच शहरात १९६४ पासून १९८४ पर्यंत ‘लिटल बॅले ट्रूप’ ही नृत्यनाट्य मंडळी मुक्कामाला होती, याची आठवण मात्र क्वचितच निघते. मंडळी इथे आली तेव्हा तिचे संस्थापक शांती बर्धन यांना जाऊन दहा वर्षे झाली होती; तरीही तिचा कणा तेच होते.

आजच्या बांगलादेशातल्या कोमिल्ला येथे १९१६ साली जन्मलेले बर्धन मणिपुरी नृत्य शिकले, नर्तक उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या नृत्यकेंद्रात रमले आणि ते केंद्र बंद पडल्यावर मुंबईत अंधेरीला ‘इप्टा’च्या (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन या डाव्या चळवळीतल्या नाट्यसंस्थेच्या) पथकात आले. माझ्या मते त्यांच्यातला दिग्दर्शक घडला तो अंधेरीतच. पथकातली बरीच मुले चळवळीतून आलेली, नृत्याची तालीम नसलेली होती. अशांकडून नजाकतीची अपेक्षा धरण्यात अर्थ नव्हता. त्यांना घेऊन गोष्ट सांगायची, तर समूहाची हालचाल आणि रंगमंचावरची मांडणी यांचाच विचार आधी करावा लागणार.

१९५२ साली त्यांनी स्वतःची मंडळी उभारली आणि पुढच्याच वर्षी ‘रामायण’ रंगमंचावर आणले. त्यातली पात्रे माणसे नसून कठपुतळ्या आहेत; मुखवटे घालून नर्तकच त्या कठपुतळ्या होतात. मुखवट्यामुळे नर्तकाचा चेहरा झाकला जातो, म्हणजे आपल्या अभिनयपरंपरेत ज्याच्यावर सारी भिस्त, ते डोळे आणि भुवया बादच होतात. उरतात कोपर, मनगट, मान आणि दोरीचा हिसका बसावा तसे तुटक वळणे. एखाद्या नर्तकाला हे सुचणे अवघड, कारण त्यात स्वतःच्या कौशल्याचा मोठा हिस्सा सोडून द्यावा लागतो. केवळ चमत्कृती म्हणून ही युक्ती दोन प्रवेशांत शिळी झाली असती. इथे मात्र ती सबंध कथेला पुरते, कारण ठाऊक असलेल्या गोष्टीत प्रेक्षक पुढे काय होणार यापेक्षा ते कसे दाखवणार याचीच वाट पाहतो.

तोवर क्षयाने त्यांना पुरते ग्रासले होते. पशुपक्ष्यांच्या चालींवर बेतलेली ‘पंचतंत्र’ ही त्यांची अखेरची रचना. चाळिशीही न गाठता १९५४ साली ते गेले.

मंडळी त्यानंतर मोडली नाही, याचे श्रेय पत्नी गुल बर्धन यांना द्यायला हवे. त्याही नर्तकीच. ग्वाल्हेरच्या काळात प्रभात गांगुली यांनी नव्या रचना बसवल्या, तर गुलताईंनी जुन्या रचना जपण्याचे चिकाटीचे काम केले. ते कमी प्रतीचे मानण्याची आपल्याकडे खोड आहे. नृत्यनाट्याची संहिता कागदावर फारशी उतरत नाही. एका नर्तकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात ती तालमीनेच जाते, आणि मध्ये एक पिढी जरी चुकली तरी ती कायमची हरवते. मंडळी १९८४ साली भोपाळला गेली. गुलताईंना २०१० मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर ‘रामायण’ अर्धशतकाहून अधिक काळ, नवनव्या नर्तकांना घेऊन चालूच राहिले होते.