मशीन आलं, वीज आली नाही

23 जानेवारी 2023 ला विजेच्या थ्री फेज कनेक्शनसाठी अर्ज दिला आणि 9 जूनला मीटर बसलं. मधले 137 दिवस मला तोंडपाठ आहेत, कारण चटणीचा अख्खा हंगाम त्यात गेला. कुणी मिरची कांडायचा डंक, पिठाची गिरणी किंवा शेवयांचं मशीन वाढवायच्या विचारात असेल, तर मशीनच्या दुकानात जायच्या आधी आपल्या डीपीखाली, म्हणजे गावातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरखाली जाऊन उभं राहा, एवढं सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलंय.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. सासूबाईंनी सुरू केलेला मिरची कांडपाचा डंक मी 14 वर्षं चालवतेय. दोन मुसळांचा, 3 एचपीचा, सिंगल फेजवर. फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत पहाटे सहालाच बायका पिशव्या घेऊन दारात. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, वर भाजलेलं खोबरं, धने, तीळ. दिवसभर डंक चालला तर 60 किलो निघायचं, त्यापुढे नाही. संध्याकाळी सात वाजले की विजेचा दाब इतका उतरायचा की मुसळ वर जायचं ते रेंगाळत जायचं. मोटरचा कपॅसिटर तर दर हंगामाला एक जळणारच. त्यामुळे निम्म्या गिऱ्हाइकांना "परवा या" म्हणावं लागायचं आणि ती बाई परवा तालुक्याला जाऊन कांडून आणायची.

म्हणून चार मुसळांचा 5 एचपीचा डंक, साडेसात एचपीचा पल्व्हरायझर (बारीक दळायचं यंत्र) आणि अडीच एचपीत भाजणीचा ड्रम व चाळण, असं 15 एचपीचं काम काढलं. 6 लाख 80 हजारांचं. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान मिळत होतं, आपले निदान 10 टक्के घालावे लागत होते. जिल्ह्यात नेमलेल्या संसाधन व्यक्तीने कागद करून दिले. उद्यम नोंदणी फुकट होते, अन्नपदार्थाची नोंदणी माझ्याकडे होतीच. बँकेने तारणही मागितलं नाही, कारण 10 लाखांपर्यंतच्या सूक्ष्म उद्योगाच्या कर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम होता. अनुदान मात्र हातात येत नाही. ते बँकेतच तीन वर्षं वेगळं राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. हे आधीच समजून घ्या, नाहीतर घरात उगाच भांडणं होतात. आमच्याकडे झाली.

18 जानेवारीला टेम्पो आला. सगळी यंत्रं प्लॅस्टिकच्या कागदासकट फरशीवर उतरवली, नारळ फोडला. पाचव्या दिवशी थ्री फेजच्या नव्या कनेक्शनचा ए-वन फॉर्म भरून दिला, सोबत गावठाणातल्या जागेचा नमुना 8 चा उतारा आणि परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट. मला वाटलं, पंधरा दिवसांचं काम.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वीज कंपनीच्या ऑफिसात विचारायला गेले तर खिडकीतल्या माणसाने रजिस्टर न उघडताच सांगितलं, "ताई, तुमच्या गावठाणातली डीपी फुल आहे. नवीन डीपी मंजूर झाल्याशिवाय लोड मिळणार नाही."

"मग नवीन कधी होणार?"

"प्रस्ताव पाठवावा लागेल."

"पाठवला का?"

"साहेब आले की बघू."

साहेबांकडे तीन गावांचा कारभार. मंगळवारी गेले तर ते दौऱ्यावर, शुक्रवारी गेले तर वरच्या ऑफिसात मीटिंग. एकदा भेटले, चांगले बोलले, म्हणाले फाइल वर गेलीय. वरच्या ऑफिसात एसटीने गेले, तर तिथे अशी फाइल आलेलीच नव्हती. परत खाली आले तर म्हणे, फाइल त्रुटीत आहे, उताऱ्यावर नाव सासऱ्यांचं आहे. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर? ग्रामपंचायतीत जाऊन नाव लावून घेतलं, त्यात 24 दिवस गेले. नवा उतारा दिला तर पुन्हा पहिलं वाक्य: डीपी फुल आहे.

तोवर मार्च उजाडला होता. गावभर बातमी झालेली की हिच्याकडे मोठं मशीन आलंय. बायका दुप्पट यायला लागल्या आणि मी जुन्या दोन मुसळांवरच. नवा डंक प्लॅस्टिकमध्ये शेजारी उभा. येणाऱ्या प्रत्येकीची नजर आधी त्याच्याकडे जायची, मग माझ्याकडे. मी एका वहीत परत पाठवलेल्या गिऱ्हाइकांची नावं लिहायला लागले. मे अखेर 212 नावं झाली. किलोला 40 रुपये मजुरी आणि दिवसाला 80 किलो जास्त निघालं असतं, म्हणजे रोजचे 3,200 रुपये. बँकेचा 13,000 चा हप्ता 5 एप्रिलपासून सुरू झाला. तो मी जुन्या डंकातून आणि घरातल्या गहूविक्रीतून भरला. जनरेटर भाड्याने आणायचा विचार केला, पण तासाला 3 लिटर डिझेल धरलं तरी मजुरीतला मोठा वाटा त्यातच जात होता, वर भाडं वेगळं. सोडून दिला.

"स्वखर्चाने डीपी बसवून घ्या," असंही एकाने सुचवलं. ती रक्कम ऐकून आम्ही दोघं नवरा-बायको परतीच्या वाटेवर एक शब्द बोललो नाही.

वळण आलं ते भाच्यामुळे. तो आयटीआयला वायरमनचा कोर्स करतो. एप्रिलच्या सुट्टीत आला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामी, डीपी फुल आहे हे कुणी मोजलं?"

मला काही उत्तर देता येईना. तीन महिन्यांत मी हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. मोजायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. त्याने कागदावर मांडून दाखवलं. आमची डीपी 63 केव्हीए ताकदीची. तिच्या प्रत्येक फेजवर, म्हणजे तीन तारांपैकी एकेकीवर, साधारण 84 अँपिअर चालतात. तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर डीपीची पूर्ण ताकद वापरता येते. पण पूर्वीपासून ज्याला जी तार जवळ पडली त्याला तीच जोडत गेले असतील, तर एक फेज भरून वाहते आणि दोन मोकळ्या राहतात. भरलेल्या फेजचा फ्यूज सारखा उडतो, आणि सगळे म्हणतात डीपी फुल. आमच्या आळीतला फ्यूज आठवड्याला उडायचाच.

मग मी तोंडी बोलणं बंद केलं. 2 मे ला दोन प्रतींत अर्ज लिहिला. त्यात तीनच गोष्टी मागितल्या: अर्जाची सद्यस्थिती लेखी द्या, डीपीच्या तिन्ही फेजचं संध्याकाळच्या वेळचं रीडिंग लेखी द्या, आणि वीज कायदा 2003 च्या कलम 43 प्रमाणे अर्जापासून एक महिन्यात पुरवठा का झाला नाही ते कळवा. त्या कलमात पुढे असंही आहे की लाइन वाढवावी लागत असेल किंवा नवं उपकेंद्र लागत असेल तर मुदत लांबते. ऑफिस नेमकं त्याच आधारावर बसलं होतं, म्हणून रीडिंग मागणं महत्त्वाचं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. दोघं मागे खोळंबले होते, तरी सोडली नाही. पंधरा दिवस वाट पाहून तेच कागद तक्रार निवारणाकडे पाठवले. वीज ग्राहकासाठी असा मंच असावा हे त्याच कायद्याच्या कलम 42 मध्ये आहे आणि तिथे वकील लागत नाही.

5 जूनला संध्याकाळी सातच्या सुमारास वरच्या ऑफिसचे एक तरुण इंजिनिअर आमच्या वायरमनला घेऊन आले. मी डीपीखाली उभी होते. त्यांनी चिमट्यासारखं मीटर काढलं आणि एकेका तारेभोवती धरलं. वायरमन मोठ्याने आकडे वाचत होता, मी वहीत लिहीत होते. पहिली 88. दुसरी 41. तिसरी 37.

इंजिनिअर वायरमनकडे बघून म्हणाले, "अरे, ही फुल कुठाय? ही लंगडी आहे."

माझ्या डोळ्यात पाणी आलं. आनंदाने नव्हे, रागाने.

दुसऱ्या दिवशी दुपारी वायरमन आणि त्याचा जोडीदार खांबावर चढले. पहिल्या फेजवरची काही घरं काढून दुसऱ्या दोन फेजवर वाटली. दोन तासांचं काम. नवी डीपी नाही, नवा खांब नाही. त्या संध्याकाळी शेजारच्या काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "आज पंखा किती जोरात फिरतोय गं!" गेली कित्येक वर्षं आमची सगळी आळी त्या भरलेल्या फेजवर मिणमिणत होती आणि माझा जुना डंक त्याच तारेवर रेंगाळत होता. 9 तारखेला मीटर बसलं. त्या वायरमनचे आणि त्या इंजिनिअरचे मी आजही आभार मानते. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

त्या वर्षी पाऊस लांबला म्हणून पंधरा दिवस तरी नवा डंक चालवता आला. पहिल्याच दिवशी 138 किलो निघालं.

एक राहिलंच. नवं कनेक्शन घेताना बिलाचा दर कोणता लावलाय ते पाहा. मसाला गिरणी आणि पिठाची गिरणी औद्योगिक दरात बसते. माझं जुनं मीटर इतकी वर्षं व्यापारी दराने चालू होतं, ते मला नवं बिल हातात आल्यावर कळलं. 20 किलोवॅटच्या आतला औद्योगिक भार वेगळ्या गटात धरतात, तेव्हा गरजेपेक्षा जास्त लोड मागू नका. माझे 15 एचपी म्हणजे 11 किलोवॅटच्या थोडे वर. आणि मुदतीचं: वीज ग्राहक हक्कांच्या 2020 च्या नियमांत ग्रामीण भागासाठी 30 दिवस होते, 2024 च्या दुरुस्तीत ते 15 झाले. अर्जात हे लिहा. डीपीचं रीडिंग मात्र मशीनचा ॲडव्हान्स द्यायच्या आधीच मागा. मी उलटं केलं, त्याचा एक हंगाम गेला.

उतारा, नावं, वारसनोंद हेही कर्जाच्या आधीच करून ठेवा.

आता वेगळीच अडचण आलीय. डंक दिवसाला 140 किलो मागतो आणि माझ्याकडे कामाला येणाऱ्या तीन मावश्या मिळून देठ काढतात 70 किलोचे. मी पाकीटबंद चटणी विकायला लागले, तिथे गिऱ्हाईक देठ काढून देत नाही. गेल्या हंगामात घड्याळ लावून पाहिलं: 10 किलो मिरची डंकात असते अर्धा तास, आणि तिचे देठ काढायला एका बाईला साडेतीन तास. मशीन घेताना मी फक्त मुसळं मोजली होती. परवा देठ काढायचं यंत्र बघून आले. ब्याडगी पाच किलो टाकून पाहिली, बरी निघाली. संकेश्वरीचे मात्र तुकडे झाले आणि बी सगळं खाली सांडलं. दुकानदार म्हणतो रोलर बदलून देतो. पुढच्या शनिवारी माझी स्वतःची दहा किलो संकेश्वरी घेऊन पुन्हा जाणार आहे. त्याची मोटर 1 एचपीची आहे, हे आधी विचारून घेतलंय.