विहीणबाईंची हरवलेली पूर्वज: बॉस्टन, सेलम आणि इप्सविचमधले पाच दिवस

नातीला शाळेत वंशवृक्ष काढून न्यायचा होता. आमच्या बाजूचं काम अर्ध्या तासात उरकलं, कारण कुलवृत्तांत मी नाशिकहून येतानाच बॅगेत टाकला होता. लेकीच्या सासरची बाजू मात्र विहीणबाईंच्या जुन्या बायबलमध्ये होती. जुना करार संपून नवा सुरू होतो तिथे मधल्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्नं, मृत्यू लिहून ठेवायची तिकडे पद्धत. त्या पानावर सगळ्यात वर एका विणकराचं नाव, गाव इप्सविच, आणि खाली ‘त्याची बायको’ म्हणून एका बाईचं नुसतं नाव. मृत्यू १७५६. माहेर नाही, आईबाप नाहीत. नावही असं, की तेव्हाच्या मॅसॅच्युसेट्समध्ये दर चार घरांआड एक निघावी. (घरच्यांच्या इच्छेखातर नावं इथे देत नाही.)

विहीणबाई म्हणाल्या, ‘लहानपणापासून मी हिच्याकडे बघतेय. ही आली कुठून?’ मी बत्तीस वर्षं दस्तनोंदणीच्या कचेरीत काढलेली. जुनी खतं उलगडायची म्हटली की मला झोप येत नाही. आम्ही दोघी मेअखेरीला न्यू जर्सीहून निघालो. जावई म्हणाला, गाडी मी चालवतो. त्याला नको म्हटलं.

निघण्याआधी घरात बसून दोन कामं केली होती. ती तुम्हीही करा, निम्मी पायपीट वाचते. पहिलं, बायबलचं मुखपृष्ठामागचं पान उघडून छपाईचं साल बघा. आमचं निघालं १८२८. म्हणजे १७५६ ची नोंद करणारा माणूस ती बाई गेल्यावर सत्तरएक वर्षांनी ऐकीव माहिती लिहीत होता. पहिल्या अकरा ओळी एकाच शाईत, एकाच हाताने, एका बैठकीत लिहिलेल्या स्पष्ट दिसतात. ज्या ओळीपासून शाई आणि अक्षर बदलतं, तिथून पुढे नोंदी त्या त्या वेळच्या समजायच्या.

दुसरं, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर खातं काढा. मॉर्मन चर्चचं आहे, फुकट आहे, आणि मूळ नोंदींच्या प्रतिमा अफाट आहेत. तिथेच आणि इतरत्र लोकांनी चढवलेले वंशवृक्षही मिळतात. त्यांच्याकडे बातमी म्हणून बघावं, पुरावा म्हणून नाही. आमच्या बाईला तेवीस वृक्षांमध्ये एकच माहेर दिलेलं होतं. विहीणबाई हरखल्या. मी जन्मसालं मांडून पाहिली तर त्या हिशेबाने तिची आई नवव्या वर्षी बाळंत झाली होती. एकाने लिहिलं, बावीस जणांनी उतरवलं. ‘तीन भाऊ बोटीने आले, तिघे तीन दिशांना गेले’ ही कथाही अशीच घरोघरी असते. सुरुवातीचे इंग्रज वसाहतवाले घेऊन आलेल्या मेफ्लॉवर जहाजाशी नातं जोडायची हौस तर विचारूच नका. १६२० मध्ये त्या जहाजावर १०२ प्रवासी होते. पुढच्या वीस वर्षांत न्यू इंग्लंडात (मॅसॅच्युसेट्स आणि आसपासचा ईशान्येचा भाग) सुमारे २०,००० माणसं उतरली. आपली माणसं त्या २०,००० मध्ये असण्याचीच शक्यता जास्त, आणि त्यात कमीपणा कसला?

तारखांचं प्रकरण इथेच सांगून टाकते, कारण आमची पहिली अर्धी सकाळ त्यात गेली. १७५२ पर्यंत ब्रिटिश वसाहतींमध्ये कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. गावच्या नोंदीत आमच्या जोडप्याचं लग्न एप्रिल १७१९ आणि पहिलं मूल फेब्रुवारी १७१९. विहीणबाईंनी चष्मा काढून पुसला, परत वाचलं, आणि हळूच म्हणाल्या, ‘हे नातीला नको सांगायला.’ मी म्हटलं, अहो, वर्ष पाडव्याच्या सुमारास बदलायचं. तो फेब्रुवारी एप्रिलच्या नंतरचा आहे. दहा महिने होतात, सगळं रीतीने झालंय. म्हणूनच जुन्या कागदांत १ जानेवारी ते २४ मार्चमधल्या तारखेला बहुतेकदा १७१९/२० असं जोडसाल असतं. उतरवताना दोन्ही आकडे लिहा, स्वतःहून एक गाळू नका. आणि १७५२ च्या सप्टेंबरात २ तारखेनंतर थेट १४ उजाडली, तेही ध्यानात असू द्या.

बॉस्टनमध्ये न्यूबरी स्ट्रीटवर न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटी आहे, १८४५ सालची. तिथे पूर्ण दोन दिवस ठेवा. वेळा आणि सभासद नसलेल्यांच्या प्रवेशाचं काय ते निघण्याआधी विचारा. आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी न विचारता गेलो आणि कुलपाला नमस्कार करून परत आलो. पेन पिशवीतच राहू द्या. मूळ कागदांच्या खोलीत सगळीकडे पेन्सिलच चालते. मॅसॅच्युसेट्सच्या बऱ्याच गावांच्या १८५० पर्यंतच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी छापून निघाल्या आहेत, त्या इथे उघड्या कपाटात आहेत. १७०० पूर्वीच्या लग्नांसाठी टॉरी नावाच्या गृहस्थाने आयुष्य घालवून केलेली मोठी सूची आहे, ती आधी चाळावी.

छापील नोंदीत इप्सविचमध्ये त्या नावाच्या दोन मुली सापडल्या, एक १६९७ ची, एक १६९९ ची. लग्नाच्या नोंदीत बापाचं नाव नाही. शिवाय नवऱ्याच्या नावाचा आणखी एक माणूस त्याच गावात. एकाच्या नावापुढे ‘धाकटा’ लिहिलेलं. त्या काळी थोरला-धाकटा म्हणजे बाप-लेक असेलच असं नाही, गावात एका नावाचे दोघे असले की वयाने मोठा तो थोरला. तसंच ‘कझन’ म्हणजे पुतण्याही असतो आणि ‘सन-इन-लॉ’ म्हणजे सावत्र मुलगाही. आजचा अर्थ लावाल तर घरात नसलेले जावई उभे राहतात.

इथे माझी कचेरी कामाला आली. बाईचा शोध बाईच्या कागदात घेऊ नये. नवऱ्याच्या हयातीत तिच्या नावावर काही नसायचंच, तिला स्वतंत्रपणे मृत्युपत्रही करता यायचं नाही. बाई दिसते ती बाप मेल्यावर आणि नवरा मेल्यावर. म्हणून दोन्ही संभाव्य बापांच्या आणि नवऱ्याच्या प्रोबेट फाइली, म्हणजे मृत्यूनंतर मालमत्तेच्या निकालाचे कोर्टातले कागद, काढल्या. एसेक्स परगण्याच्या (इप्सविच आणि सेलम त्यातच) १६३८ ते १८८१ च्या फाइली याच सोसायटीच्या संकेतस्थळावर पानापानाने आहेत. नुसत्या मृत्युपत्रावर थांबू नका, शेवटच्या चिठोऱ्यापर्यंत पुढे सरका.

१६९९ वालीचा बाप १७३१ मध्ये गेला. त्याच्या कागदात ती दुसऱ्याच कुणाची बायको. ती बाद. १६९७ वालीच्या बापाचं मृत्युपत्र फेब्रुवारी १७२७/२८ चं: थोरल्याला जमीन, आणि लेकीला ‘लग्नात दिलं त्याखेरीज पाच पौंड’. फाइलीच्या तळाशी तळहाताएवढी पावती. पाच पौंड पोचले, खाली विणकराची सही, आणि शेजारी तिची निशाणी. पण हा विणकर आमचा, की गावातला दुसरा?

आपल्या जुन्या खतांवर पाटलाची ‘निशाणी नांगर’ असते, ती पाहिलेल्याला हे चटकन कळेल. अक्षर न येणारा प्रत्येक जण फुली मारत नाही. त्या काळी न्यू इंग्लंडात मुलींना वाचायला शिकवत, लिहायला शिकवतीलच असं नव्हतं. त्यामुळे बायबल घडाघडा वाचणारी बाईही सहीच्या जागी निशाणी करायची. या बाईची निशाणी फुली नव्हती. उलटा ‘ट’ काढून त्याला डावीकडे एक छोटी शेपटी दिल्यासारखी. विहीणबाईंनी ती पेन्सिलीने वहीत उतरवून घेतली. मग नवऱ्याची १७४१ ची फाइल उघडली. तो मृत्युपत्र न करता गेला होता, म्हणून कारभार बायकोकडे, आणि हमीपत्रावर तिची निशाणी: उलटा ‘ट’, डावीकडे शेपटी. हात जरा थरथरलेला. आम्ही दोन्ही प्रतिमा शेजारी शेजारी ठेवल्या. विहीणबाई काही बोलल्या नाहीत, माझा दंड मात्र इतका घट्ट धरला की संध्याकाळी वळ दिसत होता.

एक सावधगिरी. निशाणी जुळवायची तर मूळ कागदावरचीच. रजिस्ट्रीच्या मोठ्या वह्यांत कारकुनाने नक्कल केलेली असते, तिथे निशाणीही त्याच्या हातची.

नवऱ्याच्या त्याच फाइलीत विधवेचा एक-तृतीयांश हिस्सा तोडून दिल्याचा कागद आहे. गावच्या तिघांनी घरी जाऊन वाटणी केली: पश्चिमेकडची खालची खोली, तळघराचा तिसरा भाग, भट्टीत पाव भाजायला आणि विहिरीवर पाण्याला जायची वाट. बाकी घर मुलाचं. मालमत्तेच्या यादीत दोन माग, एक गाय, पिसांची गादी, ‘जुनं लोखंड’. सुनेच्या स्वयंपाकघरातून भट्टीपर्यंत जायला कागद करावा लागला. आम्ही दोघी विहिणी त्यावर बराच वेळ बोललो. ते इथे लिहीत नाही.

सेलम अर्ध्या दिवसात आटोपलं. दक्षिण एसेक्सची खरेदीखतं १६४० पासून ऑनलाइन दिसतात, तेवढ्यासाठी जायची गरज नाही. फक्त हे ठेवा की १६९४ पर्यंत इप्सविचला नोंदलेली खतं वेगळ्या मालिकेत आहेत. सूचीत नाव नाही म्हणून खत नाही, असं समजू नका. फिलिप्स लायब्ररीचे (पीबडी एसेक्स संग्रहालयाचं ग्रंथालय) जुने कागद हवे असतील तर ती २०१८ पासून सेलममध्ये नसून रावलीला आहे. माझी सेलमची हौस वेगळी होती. तिथल्या टॅबरनॅकल चर्चमध्ये ६ फेब्रुवारी १८१२ ला पाच तरुण मिशनऱ्यांना दीक्षा दिली. त्यांतला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला, मराठी शिकला, आणि १८२६ मध्ये नाशिकहून परतताना वाटेत पटकीने गेला. आताची इमारत नंतरची आहे. तरी नाशिकची म्हणून पायरीवर दोन मिनिटं उभी राहिले.

इप्सविचला बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून न्यूबरीपोर्टची लोकल जाते, तासाभराचा रस्ता. (रॉकपोर्टच्या गाडीत बसू नका, बेव्हर्लीनंतर फाटा फुटतो.) हाय स्ट्रीटवरची जुनी दफनभूमी १६३४ पासूनची, टेकडीच्या उतारावर टप्प्याटप्प्याने चढत गेलेली. पाटीच्या दगडाच्या शिळा, वर पंख फुटलेली कवटी. ‘रेलिक्ट’ कोरलेलं असेल तर ती विधवा, ‘कॉन्सॉर्ट’ असेल तर नवरा मागे राहिला. अक्षर उठून दिसावं म्हणून पीठ किंवा दाढीचा फेस चोळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, दगड त्याने खराब होतो. घरातला एक आरसा न्या आणि ऊन बाजूने तिरपं पाडा. कागद ठेवून घासून ठसे घ्यायला बऱ्याच ठिकाणी बंदी आहे. पायमोजे विजारीवरून ओढून घ्या, आणि रात्री गुडघ्यामागे, काखेत गोचीड पाहा. लाइम रोग याच भागात फार, त्याचं नावच शेजारच्या कनेक्टिकटमधल्या गावावरून पडलं.

आमच्या बाईची शिळा नाही, विणकराचीही नाही. गरिबाच्या उशाला लाकडी फळी किंवा शेतातला धोंडा असायचा. तासभर हिंडून विहीणबाई गावातल्या प्रसिद्ध तळलेल्या शिंपल्या खायला बसल्या. मी बटाट्याचे काप खाल्ले.

तुमचा पूर्वज थोडा अलीकडचा, अमेरिकेच्या क्रांतियुद्धात लढलेला असेल तर तुमचं काम सोपं. १८३६ आणि १८३८ च्या कायद्यांनी विधवांना निवृत्तिवेतन मिळू लागलं. लग्नाचा पुरावा म्हणून बायकांनी घरच्या बायबलची पानं फाडून अर्जाला जोडली. ती राष्ट्रीय अभिलेखागाराच्या फाइलींत अजून आहेत. घरच्या बायबलमधलं पान गायब असेल तर ते वॉशिंग्टनमध्ये शोधा. उलट, १७९० च्या शिरगणतीवर बायकांसाठी वेळ घालवू नका. तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकी आकडे. घरातल्या (गुलाम नसलेल्या) प्रत्येकाचं नाव १८५० पासून येतं.

घरी आल्यावर विहीणबाईंनी बायबलच्या पानाला हात लावला नाही. एका वेगळ्या कागदावर बापाचं नाव, फाइलीचा क्रमांक, पाहिल्याची तारीख लिहिली आणि तो आत सरकवला. आमच्या कुलवृत्तांतात पहिल्या सहा पिढ्यांत एकाही बाईचं नाव नाही, हे नातीने त्याच दिवशी माझ्या लक्षात आणून दिलं.

१६९७ वालीची आई अजून लागलेली नाही. मृत्युपत्रात ती नुसती ‘माझी प्रिय पत्नी’ आहे. इप्सविचच्या वेगळ्या मालिकेतली खतं आम्ही अद्याप उघडलेली नाहीत. सप्टेंबरात विहीणबाई तिकीट काढणार आहेत, आरसा मी नेईन.