अस्थिर प्लाक अभ्यासायचाय, पण कोणत्या प्राण्यात?

बेळगाव, निपाणी, चिकोडी पट्ट्यात एम.फार्म.च्या प्रोजेक्टचा एक साचा ठरून गेलाय. विस्टार रॅटला महिना-दोन महिने चरबीचं खाद्य, सोबत वनस्पतीचा अर्क, शेवटी सीरम कोलेस्टेरॉल. शीर्षकात मात्र 'अथेरोस्क्लेरोसिस', म्हणजे धमनीच्या भिंतीत चरबीचा थर (प्लाक) साचणं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! रॅटच्या रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये ('चांगल्या' कोलेस्टेरॉलमध्ये) असतं आणि ते तिथून एलडीएलसारख्या कणांत हलवणारं सीईटीपी हे प्रथिन त्याच्याकडे नाही, त्यामुळे एवढ्या काळात त्याच्या धमनीत प्लाक धरत नाही. नुसतं कोलेस्टेरॉल चढवायलाही खाद्यात कोलिक ॲसिड घालावं लागतं, पुष्कळदा प्रोपिलथायोयुरासिल देऊन थायरॉइडही मंद करावी लागते. ट्रायटन या डिटर्जंटचं इंजेक्शन म्हणजे तर दोन दिवसांची चरबीची लाट. याला हायपरलिपिडेमियाचं (रक्तात चरबी वाढल्याचं) मॉडेल म्हणा, कुणाची हरकत नाही.

माणसातला अस्थिर, म्हणजे फुटायला टेकलेला प्लाक कसा असतो, हे आधी ठरवून घ्यावं. आत मृतपेशींचा आणि चरबीचा मोठा गाभा, वर 65 मायक्रॉनपेक्षा पातळ तंतुमय आवरण, त्यात मॅक्रोफेज (चरबी गिळणाऱ्या संरक्षक पेशी) भरपूर आणि स्नायुपेशी थोड्या. आवरण फाटलं की रक्त गाभ्यातल्या टिश्यू फॅक्टर या रक्त गोठवायला लावणाऱ्या प्रथिनाला भिडतं आणि गुठळी होते. म्हणजे आवरण पातळ होणं, फाटणं आणि गुठळी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्ही एकाच स्वस्त प्राण्यात मिळत नाहीत.

एपीओई नॉकआउट माइस, म्हणजे रक्तातली चरबी हटवायला लागणाऱ्या एपीओई प्रथिनाचं जनुक बंद केलेले उंदीर, 1992 पासून आहेत. 21 टक्के चरबी आणि 0.15 ते 0.2 टक्के कोलेस्टेरॉलच्या खाद्यावर त्यांच्यात दोन-तीन महिन्यांत चांगला प्लाक दिसतो, पण तो आपणहून फाटणं दुर्मीळ. टँडम स्टेनोसिस (एकामागे एक दोन ठिकाणी धमनी अरुंद करण्याच्या) पद्धतीत सहा आठवडे खाद्य दिल्यावर मानेतल्या उजव्या कॅरोटिड धमनीवर 3 मिमी अंतराने दोन गाठी मारतात. धमनीला 150 मायक्रॉनची सुई लावून दोन्हींभोवती 6-0 धागा बांधायचा, मग सुई काढून घ्यायची. सात आठवड्यांनी गाठींच्या अलीकडच्या भागात रक्तस्राव आणि फाटलेलं आवरण सापडतं. गाठ घट्ट बसली तर धमनी बंदच होते, सैल राहिली तर काहीच घडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली हात बसेपर्यंत खरे प्राणी वापरू नयेत.

आपल्याकडच्या सोयींत ससा जास्त जमण्यासारखा. त्याच्याकडे सीईटीपी आहे, आणि कोलेस्टेरॉल खाऊन त्याच्या धमन्या बिघडतात हे 1913 पासून माहीत आहे. मांडीच्या धमनीतून फोगार्टी कॅथेटर महाधमनीत नेऊन, फुगा फुगवून मागे ओढत आतलं अस्तर खरवडतात. नंतर साधारण दोन महिने 1 टक्का कोलेस्टेरॉलचं खाद्य, पुढे महिनाभर साधं खाद्य. खाद्याच्या किलोभर गोळ्यांना 10 ग्रॅम कोलेस्टेरॉल लागतं. ते कोमट तेलात पूर्ण विरघळवून गोळ्यांवर फिरवावं. कोरडी पूड नुसती चोळली तर ती भांड्याच्या तळाशी उरते आणि दोन सशांच्या आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

खानापूरकडचा पावसाळा इथे आडवा येतो. दमट हवेत गोळ्यांना बुरशी धरते, बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन या विषाने यकृत बिघडतं, आणि एवढ्या कोलेस्टेरॉलने ते तसंही सुजलेलं असतं. दोष कुणाचा, हे मग सांगता येत नाही. थोडं-थोडं बनवून फ्रीजमध्ये ठेवावं आणि रोजचं उरलेलं खाद्य वजन करून लिहावं.

शेवटी ट्रिगर, म्हणजे प्लाक फाटून गुठळी व्हावी म्हणून दिलेला धक्का. घोणसचं विष 0.15 मिग्रॅ प्रतिकिलो पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने, अर्ध्या तासाने हिस्टामिन 0.02 मिग्रॅ प्रतिकिलो शिरेतून, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. विष रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर दहाला चेतवतं, हिस्टामिन सशाचा रक्तदाब चढवतं. सगळ्या सशांत गुठळी होत नाही, म्हणून संख्या ठरवताना तेवढी सूट धरा. आणि शेतातल्या घोणशीचं विष काढून घेऊ असं कुणी सुचवलं तर विषय तिथेच थांबवा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ते बसत नाही, शिवाय प्रदेशागणिक विष बदलतं. परवाना असलेल्याकडूनच, एकाच बॅचचं घ्यावं.

डुकराच्या कोरोनरी (हृदयाच्या) धमन्या माणसाच्या सर्वांत जवळच्या. पण महिनोन्‌महिने पोसणं आणि मोठ्या प्राण्यासाठी थेट सीसीएसईएची (प्राणी-प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीची) मंजुरी, हे एम.फार्म.च्या मुदतीत बसत नाही.

सगळ्यात जास्त घोळ स्लाइडवर होतो. कापताना पडलेली चीर हुबेहूब फाटलेल्या आवरणासारखी दिसते. चिरेला लागून फायब्रिन (गुठळीचे धागे) किंवा गाभ्यात तांबड्या पेशी नसतील तर फाटलं असं लिहू नये, आणि शेजारचे 5 मायक्रॉनचे सलग काप पाहिल्याशिवाय मोजू नये. चरबी लाल दाखवणारा ऑइल रेड ओ रंग करायचा असेल तर ऊतक आधीच गोठवून ठेवा. ऊतक पॅराफिन मेणात बसवण्याच्या वाटेवर अल्कोहोल आणि झायलीन सगळी चरबी धुऊन नेतात.